लिनक्स टाकल्यावर नेट चालेना? कुठं अडलंय ते असं शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचं निदान आठवं जनरेशन पाहिजे, त्यामुळं सहाव्या-सातव्या जनरेशनचे धडधाकट लॅपटॉप एकदम जुने ठरले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात झेरॉक्सच्या दुकानात, ट्युशनवाल्यांकडं, घरात पोरांच्या अभ्यासाला असलेच कॉम्प्युटर जास्त आहेत, आणि त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं की ते आणखी चार-पाच वर्षं आरामात चालतात. अडचण एकच येते. पहिल्याच दिवशी नेट लागत नाही, कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू साइटवर कुणाचा तरी अर्ज भरायचा असतो, भूमी साइटवरनं जमिनीचा उतारा काढायचा असतो, समोर माणूस उभा असतो, आणि वैतागून परत विंडोज टाकून घेतलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दुरुस्ती दहा-पंधरा मिनिटांची असते, फक्त कुठं अडलंय ते कळलेलं नसतं.

नेट नाही ही एक तक्रार नव्हेच. राकसकोपचं पाणी नळाला आलं नाही तर तलावात नाही, मोठ्या पाइपात नाही, गल्लीचा व्हॉल्व्ह बंद आहे की आपल्याच टाकीचा कॉक बंद आहे हे आधी बघतो की नाही, तसंच हे आहे. कार्ड ओळखलं का, राउटरला जोडलं का, आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आपला नंबर, मिळाला का, राउटरपर्यंत जातंय का, बाहेर जातंय का, नावानं जातंय का, आणि शेवटी ब्राउझर उघडतोय का, या क्रमानं एकेक बघत जायचं. जिथं अडलं तिथंच हात घालायचा, बाकीचं काही हलवायचं नाही. कुठल्यातरी व्हिडिओत बघून दहा कमांड एका मागोमाग पेस्ट केल्या की कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

कमांड मी इथं फोनवर सांगतात तशा उच्चारानं लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी वेगळं सांगितल्याशिवाय सगळी अक्षरं लहान, आणि आकडेसुद्धा इंग्रजीच. टर्मिनल उघडायला कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबा.

आधी कामापुरतं नेट मिळवा

हे सगळ्यात पहिलं करा, कारण ड्रायव्हर उतरवायलासुद्धा नेट लागतं आणि तिथंच माणूस अडकतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडा, मग फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा, केबल जोडल्याशिवाय हे बटन चालू होत नाही. लिनक्सला याच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फोन त्याला लॅन कार्डासारखा दिसतो आणि थोड्या वेळात खाली कोपऱ्यात वायर्ड कनेक्टेड येतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोनांत तेच वायफाय केबलमधून कॉम्प्युटरला मिळतं, म्हणजे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. केबल मात्र डेटाची पाहिजे, नुसत्या चार्जिंगच्या केबलनं काही होणार नाही.

सीमेवरच्या गावांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. चंदगडच्या बाजूची गावं घ्या किंवा निपाणीच्या पलीकडं कागलच्या बाजूची, फोन घरात एका कोपऱ्यात कर्नाटकाचा टॉवर धरतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात महाराष्ट्राचा. काही फोनांत टॉवर बदलला की वर आर हे अक्षर येतं, आणि डेटा रोमिंग बंद ठेवलेलं असेल तर काड्या भरपूर पण डेटा बंद. मग टेदरिंग केलं तरी कॉम्प्युटरवर काही उघडत नाही आणि दोष लिनक्सला लागतो. म्हणून टेदरिंगच्या आधी फोनवरच एखादं पान उघडून बघा, उघडत नसेल तर डेटा रोमिंग चालू करा, नाहीतर फोन खिडकीजवळ ठेवा.

आणि ज्यांनी अजून लिनक्स टाकलेलंच नाही त्यांच्यासाठी: पेनड्राइव्हवरनं लाइव्ह चालवून वायफाय लागतंय का ते इन्स्टॉल करायच्या आधीच बघा. लाइव्हमध्ये लागलं तर कार्डाची काळजी मिटली. विंडोज पुसायच्या आधी केबलवाल्यानं दिलेलं युजरनेम-पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा, हे का ते पुढं येईलच.

कार्ड दिसतंय का

टर्मिनलमध्ये आयपी, स्पेस, ए असं टाइप करून एंटर मारा. एल-ओ नावाची ओळ असतेच, ती सोडून द्या. ई-एन नं सुरू होणारं नाव म्हणजे लॅन, डब्ल्यू-एल नं सुरू होणारं म्हणजे वायफाय. डब्ल्यू-एल ची ओळ आहे पण वायफाय बंदच दाखवतंय, तर आर-एफ-किल, स्पेस, लिस्ट असं टाका. सॉफ्ट ब्लॉक्ड समोर येस असेल तर आर-एफ-किल, स्पेस, अनब्लॉक, स्पेस, ऑल टाकलं की सुटतं, नाही ऐकलं तर कमांडच्या सुरुवातीला सुडो लावा, म्हणजे ती मालकाच्या अधिकारानं चालते. हार्ड ब्लॉक्ड समोर येस असेल तर लॅपटॉपच्या कडेला वायफायचा छोटा स्विच आहे का बघा, किंवा एफएन धरून विमानाचं चित्र असलेलं बटन दाबा.

डब्ल्यू-एल ची ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही असं समजून पुढं चला. एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश, एन-एन-के टाका आणि त्या लांबलचक यादीत नेटवर्क कंट्रोलर शब्द शोधा. त्या ओळीत चौकटी कंसात दोन भागांचा एक नंबर असतो. पहिले चार १४ई४ असतील तर ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ इंटेल, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. त्याच्या खाली कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ नसेल तर कार्ड मशीनला दिसतंय पण चालवणारं कुणी नाही. हा नंबर लिहून ठेवा, कुणालाही विचारायला गेलात तरी कंपनीचं नाव आणि मॉडेल सांगून काही उपयोग नाही, एकाच मॉडेलच्या लॅपटॉपात दोन वेगळी कार्डं निघतात, नंबर सांगितला की उत्तर नेमकं मिळतं.

इंटेल आणि जुनं अ‍ॅथेरॉस सहसा काही न करता चालतं. ब्रॉडकॉमला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, उबुंटूमध्ये अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स, टेदरिंग चालू असू द्या, ब्रॉडकॉमची ओळ निवडून लावा आणि रीस्टार्ट करा. टेदरिंगसुद्धा जमत नसेल तर मिंटचा इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, हा ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हवर असतो, बिगर नेटचा लागतो.

इथं सिक्युअर बूटकडं, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणाऱ्या बायोसच्या सेटिंगकडं, लक्ष द्या, फार जण इथंच थांबतात. सिक्युअर बूट चालू असताना असला ड्रायव्हर टाकला तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळा स्क्रीन येतो. त्यात एनरोल एम-ओ-के निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा निळा स्क्रीन थोडा वेळच थांबतो, बघून घाबरून कंटिन्यू बूट दाबलं तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही आणि की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस असा एरर येतो. तसं झालं तर ड्रायव्हर काढून परत टाका म्हणजे तो स्क्रीन पुन्हा येईल, किंवा बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. घरच्या कॉम्प्युटरला बंद करणं मला तरी चालण्यासारखं वाटतं, पण विंडोजही सोबत असेल आणि त्याला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

रिअलटेकची तऱ्हा वेगळी, त्याचं कार्ड ओळखलं जातं पण रेंज मिळत नाही. लॅपटॉप राउटरला चिकटवला की चालतो, चार पावलं मागं आलं की गेलं. आर-टी-एल ८७२३बीई या कार्डाला हे फार होतं, कारण लॅपटॉपमध्ये अँटेना एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्या जोडावर ऐकत बसतो. अशा वेळी या दोन कमांड द्या: सुडो, मॉडप्रोब, डॅश आर, आर-टी-एल-८७२३-बी-ई. मग सुडो, मॉडप्रोब, आर-टी-एल-८७२३-बी-ई, स्पेस, ए-एन-टी अंडरस्कोर एस-ई-एल इक्वल टू २. रेंज बघा, सुधारली नाही तर पहिली कमांड परत देऊन दुसरीत २ च्या जागी १ घाला. सुधारली की ते कायमचं करायला ई-टी-सी मधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ शेवटी असलेली एक फाइल करून त्यात ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव आणि तोच ए-एन-टी चा तुकडा एका ओळीत लिहा.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर गोष्ट उलटी. कार्ड नवं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना. मीडियाटेकचं ७९२१ हे कार्ड कर्नल ५.१२ पासूनच चालतं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, तिथनं नवीन टाका. जुना काढू नका, तो कधीतरी उपयोगी पडतो. कुठल्यातरी अपडेटनंतर चांगलं चाललेलं वायफाय अचानक गेलं तर कॉम्प्युटर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या मशीनला शिफ्ट धरून ठेवा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर वायफाय आलं तर कळलंच की कार्ड धड आहे.

यूएसबी वायफाय डोंगल असेल तर एल-एस-यूएसबी टाका. काही डोंगल पहिल्यांदा सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसली तर इजेक्ट करून बघा, तेवढ्यानं तो वायफाय म्हणून दिसायला लागतो. नवा घ्यायचा असेल तर खडे बाजारात दुकानदाराला एवढंच विचारा की आतली चिप कुठली आहे, मीडियाटेकची एमटी ७६१०यू किंवा ७६१२यू असेल तर डोळे झाकून घ्या, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. आणि डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क लावलेली, असं असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्याचा अडथळा होतो, काळ्या पोर्टात लावा.

ड्युअल बूटवाल्यांनी एवढं आधी करा

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलं असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज शटडाउन केलं तरी खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि जाताना नेटवर्क कार्डाला अशा अवस्थेत ठेवून जातं की लिनक्सला ते जागंच करता येत नाही. कधी वायफाय, कधी लॅन, कधी दोन्ही. रीस्टार्ट करून लिनक्सला आलं तर नेट चालतं आणि शटडाउन करून आलं तर चालत नाही असं दिसलं की हेच समजायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथं टिक काढा.

दुसरं घड्याळाचं. विंडोज मशीनच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तेच घड्याळ जागतिक वेळ समजून त्यात साडेपाच तास मिळवतं. म्हणून विंडोजवरनं लिनक्सला आलं की वेळ साडेपाच तास पुढं. नेट असेल तर लिनक्स ती आपोआप दुरुस्त करतं, नसेल तर तशीच राहते. टाइम-डेट-सी-टी-एल, स्पेस, सेट-लोकल-आर-टी-सी, स्पेस, १ ही कमांड दिली की भांडण मिटतं, मधल्या दोन डॅशसकट टाका. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डचा सेल गेलेला असतो, मग तारीखच कुठल्या कुठं जाते, आणि तारीख चुकली की सगळी साइट सर्टिफिकेटचा एरर देतात. नेट चालू, पिंग (पलीकडून उत्तर येतंय का बघायची कमांड) चालू, आणि एकही पान उघडत नाही. त्या वेळी सगळ्यात आधी घड्याळ बघा. सेल सीआर २०३२ मागायचा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

वायफाय दिसतं पण जोडत नाही

पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतंय तर शो पासवर्डची टिक लावून काय टाइप होतंय ते डोळ्यांनी बघा. इन्स्टॉल करताना कीबोर्ड चुकून इंग्लंडचा निवडला गेला तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर अ‍ॅटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह पडतं, आणि अ‍ॅट नसलेला पासवर्ड तर क्वचितच असतो. मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड बसवलेल्यांनी कोपऱ्यात ई-एन दिसतंय का तेही बघा.

पासवर्ड बरोबर असून जोडत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए ३ वर आहे का बघा. ब्रॉडकॉमच्या त्या वेगळ्या ड्रायव्हरला ते जमत नाही, डब्ल्यूपीए २ करा. आपलं वायफाय यादीतच येत नाही पण शेजारच्यांचं येतंय, तर राउटरनं २.४ वर १२ किंवा १३ नंबरचं चॅनेल धरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, ते १, ६ किंवा ११ करून टाका. ५ गिगाहर्ट्झचंच नाव दिसत नसेल तर जुनं कार्ड २.४ चंच असेल, त्याला इलाज नाही.

डोंगलवर यादी दिसते, जोडायला गेलं की प्रत्येक वेळी तुटतं, असं असेल तर एक वेगळं कारण आहे. लिनक्समधला नेटवर्क मॅनेजर आसपासचे वायफाय शोधताना स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळख नंबर, बदलून शोधतो, आणि काही डोंगलना हे झेपत नाही. ई-टी-सी मधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात, याच्यातली एन आणि एम मोठी आहेत, त्याच नावाची डॉट कॉन्फ फाइल आहे, ती सुडो लावून नॅनो या एडिटरमध्ये उघडा आणि शेवटी दोन ओळी घाला. पहिली चौकटी कंसात डिव्हाइस, दुसरी वायफाय डॉट स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस इक्वल टू नो, शब्दांच्या मधे डॅश. मग रीस्टार्ट.

जोडतं पण थोड्या थोड्या वेळानं मंदावतं, तुटतं, व्हिडिओ अडकतो, त्याला बहुतेक वेळा कार्डाची वीज वाचवायची सवय कारण असते. त्याच फोल्डरात कॉन्फ-डॉट-डी च्या आत डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे, तिच्यात वायफाय डॉट पॉवरसेव्ह इक्वल टू ३ असतं, त्या ३ चा २ करा. बॅटरी जरा लवकर उतरेल, पण नेट टिकेल.

केबलवाल्याचं नेट थेट कॉम्प्युटरला असेल तर

आपल्याकडं गल्लोगल्ली लोकल केबलवाल्यांचं नेट आहे, आणि अनगोळ, वडगाव, शहापूर भागात अजून काही घरांत राउटर न लावता लॅनची वायर थेट डेस्कटॉपला घातलेली असते. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर ब्रॉडबँड कनेक्शनचा आयकॉन असायचा, त्यावर क्लिक केलं की नेट चालू. तो आयकॉन विंडोजबरोबर गेला. लिनक्सला वायर दिसते, दिवे लुकलुकतात, आणि ते पाऊण मिनिट आयपी मागत बसून शेवटी फेल दाखवतं, कारण पलीकडचा लॉगिन मागतोय आणि आपण लॉगिन देतच नाही.

याला पीपीपीओई म्हणतात. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या आयकॉनवरनं एडिट कनेक्शन्स किंवा नेटवर्क कनेक्शन्स उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, यादीत डीएसएल पीपीपीओई निवडा. पॅरेंट इंटरफेस किंवा नुसतं इंटरफेस जिथं विचारतं तिथं ई-एन नं सुरू होणारं लॅन निवडा, युजरनेम आणि पासवर्ड भरा, सर्व्हिसचं खानं रिकामं ठेवा, सेव्ह करा, आणि मग त्याच आयकॉनमधून ते कनेक्शन चालू करा. मघाशी लॉगिन लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी. विसरला असेल तर केबलवाल्याकडं ते असतंच, फोन करून मागायचं.

लॉगिन बरोबर असून घेत नसेल तर दोन शक्यता. एक, आधीचं लॉगिन पलीकडं अजून उघडंच आहे, वीज गेली किंवा कॉम्प्युटर दाबून बंद केला की असं होतं, दहा मिनिटं वायर काढून ठेवा. दुसरी, त्यांनी तुमच्या जुन्या मशीनचा मॅक पत्ता बांधून ठेवलाय. मशीन तेच असेल तर लिनक्स टाकल्यानं लॅनचा मॅक बदलत नाही, पण लॅन कार्ड जळून नवं घातलं असेल, किंवा मधे राउटर आलाय, तर बदलतो. त्यांना फोन करून मॅक रिसेट करा म्हणायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

पीपीपीओईवर आणखी एक चमत्कारिक लक्षण दिसतं, काही साइट पटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. अशा वेळी कनेक्शनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा आकार, १४९२ करा, तरी नाही जमलं तर १४०० करून बघा. खरं सांगायचं तर हजार-बाराशेचा एक राउटर घेऊन हे लॉगिन त्याच्यात टाकलेलं सगळ्यात बरं, मग कॉम्प्युटरवर कुठलंही लिनक्स टाका, हा त्रास परत येत नाही. फायबरवाल्यांच्या घरी बहुतेक ते लॉगिन त्या फायबरच्या डब्यातच असतं.

काही केबलवाल्यांकडं आणि कॉलेज, लॉज अशा ठिकाणी लॉगिनचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. ते आपोआप आलं नाही तर नेव्हर-एसएसएल डॉट कॉम ही साधी साइट उघडा, तिच्यावरनं ते पान पुढं येतं. फायरफॉक्समध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर ते पान अडतं, लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा.

जोडलंय, आयपी आहे, तरी पान उघडेना

आता तीन पिंग. आधी आयपी, स्पेस, आर टाका, डिफॉल्ट व्हाया च्या पुढं जो नंबर आहे तो राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा ०.१ असला काहीतरी. पिंग, स्पेस, तो नंबर. लिनक्सचा पिंग विंडोजसारखा चार वेळा करून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचा. उत्तर आलं नाही तर घोळ तुमच्या आणि राउटरच्या मधेच आहे, वर जा.

आलं तर पिंग ८.८.८.८. इथं उत्तर येत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, राउटरच्या पलीकडं गेलंय. फोनही त्याच वायफायवर टाकून बघा, त्याच्यावरही नसेल तर पक्कंच. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडं झाड पडून वायर तुटते, वीज आली गेली की गल्लीतला स्विच अडकतो, त्याचा लिनक्सशी काडीचा संबंध नाही. एकच अपवाद, लॅनची वायर आणि वायफाय दोन्ही जोडलेलं असेल तर लिनक्स लॅनला आधी मान देतं, आणि ती वायर मेलेल्या स्विचला लागलेली असेल तर वायफाय चांगलं असूनही बाहेर काही जात नाही. वायर काढून परत पिंग करा.

८.८.८.८ ला उत्तर येतंय, आणि पिंग गुगल डॉट कॉम ला मात्र टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन, तर नेट धडधडीत चालू आहे, फक्त नावाचा नंबर काढून देणारा डीएनएस बिघडलाय. याचा इलाज सोपा आहे. त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही-४ च्या टॅबवर मेथड ऑटोमॅटिक, अ‍ॅड्रेसेस ओन्ली करा आणि डीएनएसच्या खान्यात १.१.१.१ आणि ८.८.८.८ स्वल्पविराम देऊन लिहा, कनेक्शन बंद करून चालू करा. रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ नावाची फाइल हातानं बदलायचा सल्ला जुन्या लेखांत मिळतो, तो मानू नका, त्यात १२७.०.०.५३ दिसतं ते बरोबरच आहे आणि तुम्ही बदललेलं पुढच्या वेळी पुसलं जातं.

तिन्ही पिंग चालतात आणि पान उघडायला प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद लागतात, तर राउटर आयपीव्ही-६ देतोय पण ते पुढं जात नाही, अशी शक्यता असते. त्याच सेटिंगमध्ये आयपीव्ही-६ डिसेबल करून बघा, फरक पडला तर तसंच ठेवा, पडला नाही तर परत चालू करा. ब्राउझरमध्ये जुनी प्रॉक्सी राहिली आहे का, तेही एकदा.

मदत मागताना

एवढं करून जमलं नाही तर आय-एन-एक्स-आय, स्पेस, डॅश, मोठी एन, दोन एक्स, झेड, असं टाकून जे येतं ते पाठवा. शेवटच्या झेडमुळं तुमचा मॅक पत्ता त्यात झाकला जातो. त्याच्यासोबत तीन पिंगचं काय झालं तेवढं लिहा. वायफाय चालत नाही भाऊ एवढंच लिहिलं तर सांगणारा काय सांगणार.

केबलवाल्याला फोन करताना लिनक्सचं नाव आधी काढू नका. पोरगं फोन उचलतं, मराठीत, कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत पहिलं हेच म्हणतं की विंडोज टाकून बघा, आणि बोलणं तिथंच संपतं. त्याला सांगायचं की राउटरला पिंग जातंय, ८.८.८.८ ला जात नाही, मोबाइलवरही तेच आहे. हे ऐकलं की त्याला कळतं की अडलंय त्यांच्या बाजूला, आणि मग तो लाइनमनला पाठवतो.